आवडीचं मत की हिशेबाचं? नॉर्थ श्रॉपशरची पोटनिवडणूक

पाऊसवेडी

परवा माळा आवरताना लेकीच्या जुन्या वह्यांमध्ये एक नारिंगी पत्रक निघालं. डिसेंबर २०२१चं. तेव्हा आम्ही ऑस्वेस्ट्रीजवळच्या एका खेड्यात राहायचो. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरचा भाग. गायी, मेंढ्या, चिखल, आणि दुपारी चारला काळोख. मतदारसंघ नॉर्थ श्रॉपशर.

ज्यांना हे प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी: आमचे खासदार ओवेन पॅटरसन, हुजूर पक्षाचे, १९९७पासून सलग निवडून येणारे. २०१९ला ३५,४४४ मतं आणि मताधिक्य २२,९४९. थोडक्यात, कुणालाही उभं करा, गुलाल त्यांचाच. दोन कंपन्यांकडून वर्षाला लाखभर पौंडांहून जास्त मानधन घेऊन त्यांच्यासाठी सरकारी खात्यांत शब्द टाकला, असा ठपका संसदेच्या समितीने ठेवला आणि ३० दिवसांचं निलंबन सुचवलं. ३ नोव्हेंबर २०२१ला सरकारने निलंबन बाजूला सारून चौकशीची पद्धतच बदलायचा घाट घातला. २५० विरुद्ध २३२ मतांनी तो पारही पडला. देशभर एवढी ओरड झाली की दुसऱ्या दिवशी सरकारने घूमजाव केलं आणि पॅटरसननी पद सोडलं. १६ डिसेंबरला पोटनिवडणूक लागली.

आता माझी अडचण. मी मनाने मजूर पक्षाची. २०१९ला आमच्याकडे मजूर पक्ष दुसरा होता, १२,४९५ मतं. लिबरल डेमोक्रॅट तिसरे, ५,६४३, म्हणजे जेमतेम दहा टक्के. आणि पत्रक सांगतं की हुजूर पक्षाला इथे फक्त आम्हीच हरवू शकतो! लिबडेमचं पत्रक म्हटलं की खांबांचा आलेख आलाच. आपला खांब उंच, आणि नको असलेल्याचा घोट्याएवढा.

तर प्रश्न असा: तुम्ही असतात तर आवडत्या पक्षाला मत दिलं असतं, की जिंकू शकेल त्याला? मी काय केलं ते शेवटी सांगते.

झंप्या

शेवटी म्हणजे किती प्रतिसादांनंतर? त्या हिशेबाने चहा टाकतो.

निवृत्त_तलाठी

ताई, आधी एक शंका. तुम्ही तिथल्या नागरिक झाला होतात का? भारतीय पासपोर्टवर मतदान कसं काय?

पाऊसवेडी

करता येतं, काका. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे. माझ्या फ्रेंच सहकारिणीला तो हक्क नव्हता, मला होता. तिला ते अजून पटलेलं नाही.

गंमत म्हणजे आमच्या गावच्या मतदारयादीतून माझं नाव लग्नानंतर जे गेलं ते गेलंच. आयुष्यातलं पहिलं मत मी श्रॉपशरमध्ये दिलं.

निवृत्त_तलाठी

माझ्या नोकरीत एकोणीस निवडणुका झाल्या. पेट्या वाहिल्या, नंतर यंत्रं वाहिली, एकदा होडीतून नदी ओलांडली. म्हणून विचारतो, तिकडे केंद्र कसं असतं? शाई लावतात का? बंदोबस्त?

पाऊसवेडी

तुम्ही निराश व्हाल. :) गावच्या सभागृहात दोन टेबलं, दोन आजीबाई आणि एक पत्र्याची पेटी. यादीत नाव बघतात, कागद देतात, आडोशाला जाऊन पेन्सिलीने फुली मारायची. शाई नाही, यंत्र नाही. तेव्हा ओळखपत्रसुद्धा दाखवावं लागत नव्हतं, नाव-पत्ता सांगितला की झालं. (२०२३पासून फोटोचं ओळखपत्र लागतं.) वार ठरलेला, गुरुवार. सुट्टी नसते. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत केव्हाही या. माझ्या पुढे एक गृहस्थ दोन कुत्री घेऊन उभे होते. बंदोबस्त म्हणाल तर तीच.

निवृत्त_तलाठी

पेन्सिल?! खोडली तर?

कांदेपोहे

धाग्याचं नाव वाचून आत आलो कारण श्रॉपशर म्हणजे श्रूजबेरी जिथे आहे ते ना? कयानीची श्रूजबेरी बिस्किटं! मला तिशीपर्यंत वाटायचं ती स्ट्रॉबेरीसारखी कुठली तरी बेरी आहे आणि आपल्याला चव लागत नाहीये.

लेस्टरवाली

कांदेपोहे, =)) तेच शहर. बिस्किटही मूळचं तिथलंच. फक्त उच्चारावरून गावात दोन तट आहेत, काही जण श्रूजबरी म्हणतात, काही श्रोजबरी. पुण्यातला उच्चार घेऊन गेलात तर दोन्ही तट एकत्र येतील.

पाऊसवेडी

पण श्रूजबरी आमच्या मतदारसंघात नाही हो. तो वेगळा. आमच्यात ऑस्वेस्ट्री, मार्केट ड्रेटन, व्हिटचर्च, वेम, एल्समिअर अशी बाजारगावं आणि मधली खेडी. मतमोजणी मात्र श्रूजबरीलाच होती.

बिस्किटंच हवी तर मार्केट ड्रेटनचं जिंजरब्रेड खा. तिथले जुने लोक ते पोर्ट वाइनमध्ये बुडवून खातात.

देवगडी

मार्केट ड्रेटन!! थांबा थांबा. रॉबर्ट क्लाइव्ह तिथला ना?

पाऊसवेडी

तोच. गावापासून थोड्या अंतरावरच्या स्टाइचचा, जन्म १७२५. पोरपणी ड्रेटनच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून बसला होता, अशी कथा तिथे प्रत्येक जण सांगतो.

देवगडी

मग अवांतर करण्याचा माझा हक्कच आहे. माझं आजोळ विजयदुर्गाच्या वाटेवर. फेब्रुवारी १७५६मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग (इंग्रजांच्या कागदांत घेरिया) पडला. समुद्रातून ॲडमिरल वॉटसन आणि जमिनीवरून हा क्लाइव्ह. आणि इंग्रजांच्या जोडीला कोण होतं, तर आपलेच पेशवे. पुढे इंग्रजांनी बाणकोट घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना दिला. आंग्र्यांचं आरमार गेलं ते गेलंच.

आता धाग्याशी संबंध जोडतो. त्याआधी क्लाइव्ह मद्रासहून पैसा कमावून मायदेशी गेला होता आणि त्याला खासदार व्हायचं होतं. १७५४ला कॉर्नवॉलमधल्या मिचेल नावाच्या टीचभर मतदारसंघातून पाण्यासारखा पैसा ओतून निवडूनही आला. पण विरोधकांनी संसदेत निवडणुकीला आव्हान दिलं आणि १७५५ला त्याची जागा रद्द झाली. पैसाही गेला, खासदारकीही गेली. मग गडी परत कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. आल्यावर पहिलं मोठं काम विजयदुर्ग, आणि दुसऱ्या वर्षी प्लासी.

ती खासदारकी टिकली असती तर? आमच्या आजीच्या भाषेत, तिकडची साडेसाती उठली ती थेट आमच्या धक्क्याला लागली.

झंप्या

देवगडी, दंडवत घ्या. एका निवडणूक याचिकेमुळे प्लासी! चहा गार झाला पण वसूल झाला.

लेस्टरवाली

आणि बंगाल लुटून गेल्यावर तो खासदार झालाच की, १७६१पासून मरेपर्यंत. श्रूजबरीचाच. तिथल्या चौकात पुतळा आहे. २०२०मध्ये काढून टाका म्हणून मोहीम झाली होती, कौन्सिलने ठेवायचं ठरवलं.

बरं, मूळ प्रश्न. पाऊसवेडी, मी असते तर डोळे मिटून लिबडेम. तेव्हा पॅटरसन निमित्त होते, खरा राग डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधान बोरिस जॉन्सनच्या कचेरीतल्या, पार्ट्यांचा होता. आम्ही इकडे आजीचा अंत्यविधी मोबाइलवर पाहिला आणि तिकडे टाळेबंदीत ख्रिसमसची पार्टी! त्या बातम्या नेमक्या नोव्हेंबरच्या अखेरीस फुटायला लागल्या. माझ्या मते निकाल तिथेच लागला.

पाऊसवेडी

लेस्टरवाली, तो राग होताच, नाकारत नाही. पण बाहेरून तेवढंच दिसतं. आमच्या गल्लीत लोक वेगळंच बोलत होते: रुग्णवाहिका.

आमच्या शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, ऑक्टोबरात स्वयंपाकघरात पडल्या. मांडीचं हाड असणार हे मला दिसत होतं. फोन केला दुपारी दोनला. हलवू नका, पांघरूण घाला, येतोय. मी उशी दिली, माझ्या नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी. संध्याकाळ झाली. रात्र झाली. फरशीवर पडल्या पडल्या त्या मलाच म्हणत होत्या, अगं तू जा, तुझी लेक एकटी असेल. गाडी आली पहाटे पाऊणला. आलेली मुलं बिचारी स्वतःच थकलेली, म्हणाली, आमची गाडी दिवसभर रुग्णालयाच्या दारात रुग्णासकट रांगेत उभी होती, आत खाट नाही.

त्याच सुमारास ऑस्वेस्ट्री आणि मार्केट ड्रेटनची रुग्णवाहिका ठाणी बंद झाली. हेलन मॉर्गन, म्हणजे लिबडेमच्या उमेदवार, दारोदार हेच बोलत होत्या. त्या आजी जन्मभर हुजूर पक्षाला मत देत आल्या. त्या वेळी खाटेवर होत्या, पण टपाली मत मागवलं. कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. त्यांनी उशाला नारिंगी पत्रक ठेवलं होतं एवढं दिसलं.

चिमणराव_नव्हे

वाचून गलबललो. अकरा तास.

नांगरधारी

मी मिरज तालुक्यातला, दुधाचा धंदा. तिथले शेतकरी काय म्हणत होते? शेतकरी तर हुजूर पक्षाचे पक्के असतील.

पाऊसवेडी

होते. आमच्या भागात दूधच दूध. आणि ब्रेक्झिटला जवळपास ६० टक्के मतं पडलेला भाग. पण ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार होऊ घातला होता. तिकडून स्वस्त मटण आणि गोमांस येणार, तिथे हजारो एकरांची कुरणं, आमच्या डोंगरकाठच्या शेतकऱ्याचा टिकाव कसा लागणार? करारावर सह्या झाल्या त्या नेमक्या मतदानाच्याच आठवड्यात! आमचा दूधवाला शेतकरी म्हणाला, "आजपर्यंत ते आम्हाला गृहीत धरून होते, कारण आम्ही धरू देत होतो."

नांगरधारी

नाव बदललं की आमचंच गाव. दुधाची पावडर आयात होणार म्हटलं की आमच्या संकलन केंद्रावरही हीच भाषा असते.

झंप्या

उमेदवार कसे होते? की तिकडेही पार्सल?

पाऊसवेडी

झंप्या, अगदी बरोबर शब्द! हुजूर पक्षाने दिलेले नील शास्त्री-हर्स्ट बर्मिंगहॅमचे. माणूस शिकलेला, सैन्यात डॉक्टर होते, नंतर वकील झाले. आडनावातलं शास्त्री बघून आमच्याकडच्या भारतीय मंडळींत जरा कुजबुज झाली, नाही असं नाही. पण खेड्यात पहिला प्रश्न एकच, राहता कुठे? मॉर्गनबाई मतदारसंघातल्याच, हार्मर हिलच्या, व्यवसायाने हिशेबनीस. एकूण चौदा उमेदवार होते. त्यात मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पक्षसुद्धा, म्हणजे निवडणुकीची थट्टा करायलाच काढलेला पक्ष. त्यांनाही अनामत रक्कम ५०० पौंड भरावी लागते, थट्टेला सवलत नाही.

झंप्या

आपल्याकडे थट्टा करणारे वेगळा पक्ष काढत नाहीत, एवढाच फरक.

लालबावटा

मूळ प्रश्नाला ठाम उत्तर: मी मजूर पक्षालाच मत दिलं असतं. "आम्हीच जिंकू शकतो" ही थाप एकदा मान्य केली की आपला पक्ष त्या जागेतून कायमचा उठतो. मी जुने आकडे पाहिले. १९९७ला याच नॉर्थ श्रॉपशरमध्ये पॅटरसन पहिल्यांदा जिंकले तेव्हा मजूर पक्ष सुमारे दोन हजार मतांनीच मागे होता. दोन हजार! म्हणजे ही जागा लाल होण्याच्या उंबऱ्यावर होती. मतदाराने दर वेळी हिशेबच करायचा ठरवला तर पक्ष वाढायचा कसा?

लेस्टरवाली

लालबावटा, १९९७ ही मजूर पक्षाच्या ब्लेअरची लाट होती. त्या वर्षी खांबाला लाल रिबन बांधली असती तरी दोन हजारांपर्यंत आला असता. पुढच्या चोवीस वर्षांत तिथे मजूर पक्षाने काय केलं ते सांगा. मतदाराने किती दिवस वाट बघायची?

लालबावटा

आणि लिबडेम तरी कुठे बसले होते तेव्हा? दहा टक्क्यांवरच ना! सहा आठवड्यांत देशभरातून कार्यकर्ते बसगाड्या भरून आणले आणि आलेख छापले. ही निवडणूक नव्हे, हा बाजार.

पाऊसवेडी

कार्यकर्ते आणले हे खरं. दूरदूरहून आले. अंधारात विजेऱ्या घेऊन, गमबूट घालून, शेतांमधल्या अर्धा अर्धा मैल लांब वाटा तुडवत. एक मुलगा आमच्या दाराशी पूर्ण भिजून उभा होता. मी त्याला चहा दिला. मजूर पक्षाचं मात्र एक पत्रक तेवढं टपालाने आलं. बाजार म्हणा, पण बाजारात दुकान उघडून तरी बसावं लागतं ना?

आकडेबहाद्दर

सगळे भावनेत वाहताहेत म्हणून जरा गणित मांडतो.

२०२१चा निकाल: मॉर्गन १७,९५७. शास्त्री-हर्स्ट १२,०३२. मजूर पक्षाचे बेन वूड ३,६८६. ग्रीन १,७३८. रिफॉर्म १,४२७. मताधिक्य ५,९२५. अनामत वाचली फक्त पहिल्या तिघांची, कारण पाच टक्के लागतात. बाकी अकरा गुल.

आता २०१९शी ताडून पाहा. लिबडेमची मतं वाढली १२,३१४. मजूर पक्षाची घटली ८,८०९. हुजूर पक्षाची घटली २३,४१२. या शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज ३२ हजारांवर जाते, आणि लिबडेमकडे आली फक्त १२ हजार. बाकीची गेली कुठे? बहुतेक घरी बसली. मतदान जेमतेम ४६ टक्के झालं होतं. मॉर्गनबाईंना मिळालेली मतं पॅटरसनना आधी मिळालेल्या मतांच्या जवळपास निम्मीच आहेत.

म्हणजे "गावाने पक्ष बदलला" हे अर्धं खरं. हुजूर पक्षाचे कित्येक मतदार शेकोटीपुढे पाय पसरून बसून राहिले, आणि त्याने त्यांचा पक्ष पडला. दुसरीकडे मजूर पक्षाच्या मतदारांनी हिशेब केला. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या म्हणून निकाल लागला. नुसत्या एकीने बहुधा लागला नसता.

लेस्टरवाली

+१. पण घरी बसणं हेही मतच असतं. फक्त मोजत नाहीत.

आकडेबहाद्दर

मान्य. आणि घरी बसलेले पुढच्या वेळी परत येतात, हा नियम. म्हणून मी तेव्हा पैज लावली होती की २०२४ला जागा हुजूर पक्षाकडे परत जाणार. हरलो. मॉर्गन १५ हजारांहून जास्त फरकाने जिंकल्या. शास्त्री-हर्स्टही त्याच वेळी खासदार झाले, पण सॉलिहल वेस्ट अँड शर्लीमधून, म्हणजे त्यांच्या बर्मिंगहॅमच्या बाजूला.

झंप्या

पार्सल योग्य पत्त्यावर पोचलं म्हणायचं.

चिमणराव_नव्हे

माझ्या वाचनात "हा भाग दोनशे वर्षं हुजूर पक्षाचाच" असं आलं होतं. खरं का?

आकडेबहाद्दर

जवळपास, पण मध्ये एक फट आहे. जुना मतदारसंघ ऑस्वेस्ट्री नावाचा होता. तिथे १९०४च्या पोटनिवडणुकीत लिबरल पक्षाचे ॲलन हेवूड ब्राइट जिंकले. मजा पुढे आहे. १९०६ला लिबरल पक्षाची देशभर प्रचंड लाट आली, आणि नेमके त्याच लाटेत हे ब्राइट ऑस्वेस्ट्रीत पडले! उरलेल्या देशाने एकीकडे तोंड केलं की यांनी दुसरीकडे. म्हणून मला पैज हरल्याचं दुःख नाही, या गावांवर पैज लावणंच चूक.

निवृत्त_तलाठी

एक प्रश्न राहिला. ते पॅटरसन "पद सोडलं" असं लिहिलंत. राजीनामा अध्यक्षांकडे देतात ना?

लेस्टरवाली

काका, तिथे खासदाराला राजीनामा देताच येत नाही! १६२४च्या ठरावाने मनाई आहे. मग पळवाट अशी की त्याने राजाच्या (तेव्हा राणीच्या) चाकरीतलं एक नाममात्र पद मागायचं, चिल्टर्न हंड्रेड्सचा कारभारी नाहीतर नॉर्थस्टेडचा. काम नाही, पगार नाही. पण सरकारी चाकरी घेतली की खासदारकी आपोआप जाते.

निवृत्त_तलाठी

म्हणजे वतन द्यायचं आणि घरी पाठवायचं. आमच्या जुन्या दप्तरात शोभेल अशी नोंद आहे.

लालबावटा

पाऊसवेडी, आता सांगा की. चाळीसेक प्रतिसाद व्हायची वाट बघताय का?

पाऊसवेडी

सांगते.

त्या गुरुवारी कामावरून सुटून थेट सभागृहात गेले. वाटेत लिबडेमचं ठरलं होतं. आजींची फरशी डोळ्यासमोर होती, तो भिजलेला मुलगा होता, हिशेबही पटला होता. आडोशाला उभी राहिले, चौदा नावं वाचली, आणि हात मजूर पक्षापुढे गेला. फुली मारली. आयुष्यातलं पहिलं मत, आणि ते मनात नाही त्याला द्यायचं हे जमेचना. बस. तात्त्विक वगैरे काही नाही, लालबावटा, तुमच्यासारखा मुद्दा नव्हता माझ्याकडे.

नवरा एरवी हुजूर पक्षाच्या बाजूने माझ्याशी जेवणाच्या टेबलावर भांडणारा. त्याने लिबडेमला दिलं. "गरम पाण्याची पिशवी मी धरली होती," एवढंच म्हणाला.

निकाल पहाटे चारच्या सुमारास आला. आम्ही दोघं गोधडीत बसून बघत होतो. मॉर्गनबाई जिंकल्या तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. नंतर टीव्हीवर त्यांच्या पक्षाने "बोरिसचा फुगा" टाचणीने फोडला त्यालाही हसले. ज्यांना मत दिलं नाही त्यांच्या विजयाला! नवऱ्याने विचारलं, तुझं मत वाया गेलं म्हणून टाळ्या का? त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही. म्हणून तर धागा काढला.

झंप्या

म्हणजे वर्गणी न देता गणपतीचा प्रसाद खाल्लात.

लालबावटा

३,६८६ मधलं एक तुमचं. आमच्याकडून आभार.

लेस्टरवाली

आणि त्या आजी?

पाऊसवेडी

हाड जुळलं, काठीने चालायला लागल्या. आम्ही गाव सोडलं तेव्हा निरोपाला जिंजरब्रेडचा डबा दिला. अजून ख्रिसमसला कार्ड येतं. राजकारणाचं त्यात काही नसतं, चिखल किती झालाय ते असतं.

निवृत्त_तलाठी

माझ्या पेन्सिलीच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. निदान ती जागेवर परत ठेवलीत ना?

पाऊसवेडी

काका, ती माझीच होती. करोनामुळे आपापली आणा असं सांगितलं होतं. लेकीच्या कंपासातून नेली होती. घरी आल्यावर तिने आधी टोक तपासलं.